एका घराचा एक माणूस

धुळाजीनं घेतलेली परीक्षा अगदी सरळ होती. तिच्यात खोट काढायला कुणाला जागाच सापडली नाही, आणि भामाबाईच्या डोक्यात तिडीक गेली ती त्यामुळेच.

पहिल्या दिवशी त्यानं आपल्या थोरल्या भावाला, म्हणजे भामाबाईच्या नवऱ्याला, मुंजाजीला मेंढरांच्या म्होरं उभं केलं. मुंजाजीची नजर साठीतही अशी, की पालीच्या धरणाच्या भिंतीवर कोण बसलंय ते तो माळावरून सांगायचा. पण चार महिन्यांपूर्वी घशातली गाठ काढताना डॉक्टरांनी त्याची आवाजाची पेटीच काढून टाकली होती. गळ्याला भोक राहिलं, त्यावर पांढरा रुमाल आला, आणि ज्या हाळीवर जन्मभर मेंढरं वळली ती हाळी बंद झाली. त्या दिवशी ओढ्याच्या फाट्यावर मेंढरं भलतीकडे निघाली, हे त्यालाच सगळ्यांच्या आधी दिसलं. पण दिसून करतो काय? त्यानं टाळ्या वाजवल्या. मेंढरं बुजली आणि कुणाच्या तरी हरभऱ्यात शिरली. हरभऱ्याच्या मालकानं ज्या शिव्या दिल्या त्या धुळाजीला ऐकाव्या लागल्या.

दुसऱ्या दिवशी त्यानं भामाबाईला उभं केलं. "वैनी, आता तू चाल बरं म्होरं," असं तो म्हणाला ते निम्मं चेष्टेतच. बाईनं मेंढरांच्या म्होरं चालायची रीत त्यांच्यात नव्हती. बाईनं घोड्यावर बिऱ्हाड लादायचं, भाकरी थापायच्या, मागं राहिलेली कोकरं सांभाळायची. पण भामाबाईनं हाळी दिली आणि मेंढरांनी माना वर केल्या. का करणार नाहीत? त्यांतल्या निम्म्यांनी कोकरू असताना तिचाच आवाज ऐकलेला. चारशे मेंढरं तिच्या मागं शहाण्यासारखी चालू लागली. धुळाजीचं हसू मावळत आलं होतं, तेवढ्यात त्यानं धावत जाऊन वहिनीचा दंड धरला. ती बिनकठड्याच्या विहिरीपासून चार पावलांवर होती. काचबिंदूनं तिचे डोळे कडेकडेनं खात आणले होते. समोर उजेडाचा एक ठिपका राहिला होता, बाकी सगळं धुकं.

"झालं," धुळाजी म्हणाला. "दादाला दिसतंय पर वरडता येत न्हाई. वैनीला वरडता येतंय पर दिसत न्हाई. दोगांची बी परीक्षा घेतली. आता मला बोल लावू नका."

हे सगळं घडलं तो वाडा म्हणजे चिरेबंदी कमानीचा वाडा नव्हे. सहा बिऱ्हाडं, सहा पालं, चार घोडी, कुत्री आणि मेंढरं कोंडायच्या जाळ्या, एवढ्याला धनगर वाडा म्हणतात, आणि तो कधी पालीच्या माळावर असतो, कधी गेवराईकडे चकलांब्याच्या शिवारात. सहाही घरांची मेंढरं एकत्र चालायची. रोज एका घराची म्होरची पाळी. पाळी ज्याची, त्यानं सगळ्यांच्या पुढं चालायचं, वाट ठरवायची, हाळी द्यायची. बाकीचे मागं आणि बाजूला. रिवाज असा, की एका घराचा एक माणूस. ज्या घराला म्होरं चालणारा माणूस देता येत नाही, त्या घराची मेंढरं दुसऱ्याच्या खुणेत जायची. मुंजाजीच्या मेंढरांना पाठीवर निळी खूण होती, धुळाजीच्यांना गेरूची. चार महिने बाकीच्या पाच घरांनी मुंजाजीची पाळी ओढली होती. आता परवा वाडा हायवे ओलांडून सुंदररावांच्या शेतात खतासाठी मेंढरं बसवायला जाणार होता, आणि ओलांडायच्या आधी मुंजाजीच्या बासष्ट मेंढरांवर गेरू फिरवायचा, असं धुळाजीनं ठरवून टाकलं होतं.

"मी काय परका हाय का?" तो म्हणाला. "माज्या खुणेत घेतो. तुमी दोगांनी बसून खावा."

माणूस वाईट नव्हता. त्याला भामाबाईनंच कडेवर घेऊन वाढवलेलं. पण 'बसून खावा' हे दोन शब्द तिच्या काळजात काट्यासारखे मोडले. मेंढरं एकदा गेली, की त्या पालात दोन तोंडं राहणार, माणसं राहणार नाहीत, हे तिला लख्ख कळत होतं. त्यासाठी डोळे लागत नाहीत.

त्याच दिवशी दुपारच्या एसटीनं शिवकन्या आली. ही भामाबाई-मुंजाजीची एकुलती एक लेक, पुण्याला एका प्रयोगशाळेत पीएच.डी. करणारी. धनगर वाड्यातली पोर पुण्यात नेमकं काय शिकते हे वाड्यात कुणालाच सांगता यायचं नाही; 'पेशीचं काय तरी' एवढ्यावर गाडी अडायची. गेरूची गोष्ट ऐकून ती चुलत्याशी भांडायला उठली. भामाबाईनं तिला खाली बसवलं.

"भांडून काय व्हतंय? त्यो म्हणतोय ते खोटं न्हाई. आमी दोगंबी मोडलोय."

"माय, मोडलंय म्हंजी काम करत न्हाई असं कुणी सांगितलं?"

"धुळाजीनं. परीक्षा घिऊन."

शिवकन्या हसू आल्यासारखं तोंड करून म्हणाली, "माज्या सरांनी बी आशीच परीक्षा घेतलती."

"कुणाची?"

"सांगते. आदी मला च्या तरी दे."

चहा झाला. मुंजाजी कोकराच्या पायातला काटा काढत बसला होता, पण कान इकडंच. आणि शिवकन्येनं जे वाड्याला चार वर्षांत सांगितलं नव्हतं, ते त्या दुपारी सांगितलं.

अंगात रक्तातून हार्मोन फिरतात. मेंढी माजावर येते, कोकरू होतं, दूध उतरतं, हे सगळं हार्मोनच्या सांगण्यावरून. पण ती ज्यावर काम करत होती तो हार्मोन पेशीच्या आत शिरत नाही, बाहेरच राहतो. त्याची बातमी आत पोचवायला पेशीच्या कातडीत एक रिसेप्टर रुतून बसलेला असतो. त्याचं डोकं कातडीच्या बाहेर आणि पाय आत. डोक्यानं हार्मोन धरायचा, पायानं आत बातमी द्यायची. तेवढंच त्याचं काम.

"म्हंजी म्होरक्याचं काम," भामाबाई म्हणाली. "बगायचं आन वरडायचं."

"व्हय. आता मी काय केलं, दोन मोडके रिसेप्टर तयार केले. एकाचं डोकं मोडलं. त्याला हार्मोन धरताच येत न्हाई, पर पाय धड हायेत. दुसऱ्याचे पाय मोडले. त्यो हार्मोन घट्ट धरतो, पर आत एक शबुद पोचवत न्हाई."

मुंजाजीचे हात थांबले.

"पेशीला बातमी पोचली की ती चमकावी, आशी सोय केलती. पैल्या पेशीत नुसता पैला मोडका घातला. अंधार. दुसरीत नुसता दुसरा. अंधार. मी सरांना म्हणलं, दोगं एकत्र घालून बगू. सर म्हणले, दोन नापास पोरं एका बाकावर बसवली म्हणून कोणी पास व्हत न्हाई."

"आन मग?"

"मग मी घातले. आन पैल्यांदा काई झालं न्हाई."

भामाबाईचा चेहरा पडला. शिवकन्येनं तो पाहिला आणि पुढं सरकली.

"चूक माजीच व्हती. मी एका पेशीत एक ठिवला, दुसऱ्या पेशीत दुसरा, आन दोन्ही पेशी एका ताटलीत शेजारी शेजारी. ताटली एक, पर कातडं दोन. एकानं धरलेलं दुसऱ्याला कळणार कसं? मग दोन्ही मोडके एकाच पेशीच्या कातड्यात घातले. तितं ते सरकत सरकत एकमेकाला जाऊन चिकटत्यात, जोडीनंच बसत्यात. एकानं भाईर धरलं की त्याचा हिसका दुसऱ्याला बसतो, आन दुसऱ्याच्या पायातनं बातमी आत जाते. पेशी चमकली, माय."

"धडक्या रिशेप्टरवानी?"

"न्हाई. निम्म्याच्या आसपास. पर चमकली. सर म्हणले काचेला घाण लागली असंल. मी चार महिने तेच तेच केलं. दर खेपेला चमकली. आता सर कुनाला म्हणत न्हाईत काचेला घाण लागली म्हणून."

भामाबाईच्या डोक्यात मुंजाजीच्या टाळ्या वाजत होत्या. धुळाजीच्या परीक्षेच्या आधी त्या दोघांनीही एकदा करून पाहिलं होतंच की. मुंजाजी वीस पावलांवर उभा राहिला, टाळ्यांनी खुणा केल्या, ती हाळी द्यायला तयार. पण टाळी डावीकडची की उजवीकडची हे वाऱ्यात कळेना, आणि मेंढरं टाळीला बुजायची ती वेगळीच. शिवकन्येनं तर गेल्या सुट्टीत आईची हाळी फोनमध्ये भरून बापाच्या हातात दिली होती. मेंढरं फोनभोवती गोळा होऊन उभी राहिली आणि हलायलाच तयार होईनात. वाडा दोन दिवस हसला होता.

"किती जवळ?" तिनं एकदम विचारलं.

"काय?"

"ते दोन मोडके. किती जवळ लागत्यात?"

"अंगाला अंग."

भामाबाईनं मान हलवली. "धुळाजीनं आमाला एकेकटं तपासलं," ती म्हणाली. तिच्या आवाजात गेल्या दोन दिवसांत पहिल्यांदाच धार आली होती. "आन आमी आपले खाली मान घालून बसलो, जनू पाप केलं."

ती उठली, अंदाजानं नवऱ्यापाशी गेली, त्याच्याकडे पाठ करून उभी राहिली आणि म्हणाली, "हात ठिवा खांद्यावर."

मुंजाजीनं इकडं तिकडं पाहिलं. शेजारच्या पालापुढं बायका लोकर विंचरत होत्या. त्यानं मान जोरात हलवली, कोकरू उचललं आणि जाळीकडे निघून गेला.

इथं वाचणाऱ्याला वाटेल, यात काय एवढं? पण या नवरा-बायकोचा चाळीस वर्षांचा संसार चारचौघांत एकमेकांना बोटही न लावता झालेला. बायकोनं नवऱ्याच्या पुढं पाऊल टाकायचं नाही, डोक्यावरचा पदर ढळू द्यायचा नाही, आणि नवऱ्यानं दिवसाउजेडी बायकोच्या अंगाला हात लावला तर तो पुरुष नव्हेच. वाड्यात कुणाच्या डोक्यात ही जोडी कधीच आली नाही ती अक्कल कमी म्हणून नव्हे. ज्या विचाराची लाज वाटते, तो विचार माणूस करतच नाही.

भामाबाई त्याच्या मागं जाळीपर्यंत गेली, दोनदा ठेचकाळत.

"तुमाला लाज वाटती?" ती म्हणाली. हळू बोलायचं तिला जमायचंच नाही. आख्ख्या वाड्यानं ऐकलं. "दवाखान्यात वीस दिस तुमच्या गळ्यातली नळी मी साफ केली. वार्डात चाळीस मानसं व्हती. तवा न्हाई वाटली? मी रातीची उठताना तुमी माजा हात धरून चालवता, तवा न्हाई वाटत? आन उजेडात वाटती. मेंढरं गेल्यावर लाज मातूर ऱ्हाईल आपल्याकडं. तीच चारा मग रोज."

लोकर विंचरणाऱ्या बायकांचे हात थांबले होते. मुंजाजीच्या गळ्याच्या भोकातून श्वास शिट्टीसारखा येत होता, तो चिडला की तसा यायचा. त्यानं कोकरू खाली ठेवलं. मग बायकांकडे न बघता, ओढून ताणून, जणू विस्तव उचलतोय अशा हातानं, त्यानं पंजा भामाबाईच्या उजव्या खांद्यावर ठेवला.

"जरा नीट ठिवा," ती म्हणाली. "मी काय चावत न्हाई."

संध्याकाळपर्यंत आणि दुसरा सगळा दिवस ते दोघं चाळीस कोकरं घेऊन माळावर हिंडले. उजव्या खांद्यावर दाब म्हणजे उजवीकडे, डाव्यावर म्हणजे डावीकडे. दोन्ही खांदे एकदम दाबले की थांब. मानेखाली थाप म्हणजे चल, वेगानं. पहिल्या तासाला ती दोनदा काट्यात गेली आणि एकदा त्यानं उजवा-डावा उलटा केला. तिनं शिवी घातली. मग तो दाबायच्या आधी थोडा ताठ होतो हे तिला कळायला लागलं, आणि त्याचा पंजा बोलायच्या आत तिची हाळी निघू लागली. मुंजाजीचा आवाज गेल्यापासून ते दोघं इतकं कधी बोलले नव्हते. शिवकन्या लांबून बघत होती. तिनं एकदाच विचारलं, "जमतंय का, माय?" भामाबाई म्हणाली, "निम्म्याच्या आसपास."

परव्याचा दिवस उजाडला. वाडा आवरला, घोडी लादून झाली. धुळाजीनं डबड्यात गेरू कालवला होता आणि तो निळ्या खुणेच्या मेंढरांकडे निघाला होता. भामाबाई त्याच्या वाटेत येऊन उभी राहिली. तिच्या मागं मुंजाजी, दोन्ही हात तिच्या खांद्यांवर.

धुळाजी आधी लाजला. खरंच लाजला, त्यानं दुसरीकडं बघितलं. "दादा, असं का करतोयस? मानसं बघायलीत."

"बघू दे," भामाबाई म्हणाली. "आज म्होरची पाळी आमची हाय."

"वैनी, एका घराचा एक मानूस. रिवाज हाय."

"मग मोज. किती डोळं दिसत्यात तुला? त्याचं दोन. किती आवाज हाय? माजा एक. म्होरक्याला आजून काय लागतंय? सांग."

"ही काय चेष्टा हाय का? माळावरची गोष्ट न्हाई, हायवे हाय. उसाचे ट्रॅक्टर चालू हायेत. चारशे मेंढरं हायेत, वैनी. एकट्या तुमची न्हाईत."

"म्हणूनच म्होरं आमी हाव. चेपली तर पैले आमी चेपू."

बाकीच्या घरांचे गडी एकमेकांकडे बघू लागले. कुणी तरी म्हणालं, "हायवेपस्तोर तर चालू द्या. तितं बगू." धुळाजीनं गेरूचं डबडं खाली ठेवलं, आणि भामाबाईनं हाळी दिली.

ती हाळी कशी होती ते लिहून सांगता येत नाही. पोटातून निघायची, वर चढायची आणि शेवटी तुटायची. चारशे मेंढरं उठली. भामाबाईनं पदर डोक्यावर घट्ट खोचला, मानेखाली मुंजाजीची थाप पडली, आणि दोघं निघाले. चालताना तिला धुकं दिसत होतं, त्यात एक उजेडाचा ठिपका. तिनं तोही बघायचं सोडून दिलं. त्याच्याकडं लक्ष दिलं की खांद्यावरचं लक्ष सुटायचं. भीती वाटत होती. पण त्या भीतीच्या वर एक राग होता, आणि तो चालायला बरा पडतो.

हायवेला जिथं दुभाजक तोडून वाट ठेवली होती तिथं ते आले. गडी दोन्ही अंगांना लाल फडकी घेऊन उभे राहिले. गाड्या थांबल्या. डाव्या खांद्यावर दाब, हाळी, मेंढरं डावीकडे वळली. मानेखाली थाप. डांबर पायाला लागलं तेव्हा भामाबाईला ते कढईसारखं गुळगुळीत वाटलं. पहिला रस्ता ओलांडला. मेंढरं दुभाजकाच्या फटीतून पुढं घुसली. दुसऱ्या रस्त्यावर भामाबाई दोन पावलं उतरली असेल, तेव्हा मुंजाजी ताठ झाला.

उसाचा ट्रॅक्टर, मागं दोन ट्रॉल्या, चुकीच्या बाजूनं येत होता. चालवणाऱ्यानं गाणी इतकी मोठ्यानं लावली होती की त्याला फडकी दिसली नाहीत आणि ओरडणं ऐकू गेलं नाही. डावीकडच्या गड्याला तो उशिरा दिसला, कारण मधे एक थांबलेला टँकर होता. मुंजाजीला टँकरच्या चाकांखालून सावली दिसली. दोन्ही खांदे एकदम आणि असे दाबले गेले की भामाबाईच्या हाडांत कळ गेली. तिनं विचार केला नाही. विचार करायला वेळच नव्हता. दाब खांद्यात शिरला आणि आवाज होऊन तोंडातून बाहेर पडला. थांबायची हाळी, वरून खाली येणारी, दोनदा.

मेंढरं थांबली. पुढची जागच्या जागी, मागची त्यांच्या अंगावर आदळत. ट्रॅक्टर भामाबाईच्या पदराला वारा लावून गेला. मागच्या ट्रॉलीतून लोंबणारा ऊस कडेच्या एका मेंढीला लागला आणि ती कोलमडली. मग मानेखाली थाप पडली, हाळी झाली, आणि चारशेच्या चारशे पलीकडे उतरली.

सुंदररावांच्या रानात पोचल्यावर भामाबाई खाली बसली. मुंजाजीचा हात खांद्यावरून निघाला नव्हता आणि त्याच्या ते लक्षातही नव्हतं. शिवकन्या आईच्या गळ्यात पडली. ती रडत होती आणि भामाबाई तिला म्हणत होती, "अगं पानी दे आदी."

धुळाजी त्या कोलमडलेल्या मेंढीला खांद्यावर घेऊन आला. पुढचा पाय मोडला होता. पाठीवर निळी खूण. त्यानं तिला भामाबाईपुढं ठेवली.

"एक मोडली," तो म्हणाला.

"माजीच हाय. मी बांधते तिचा पाय. गेल्या उन्हाळ्यात तुज्या पाळीला नऊ गेलत्या, धुळाजी. तुला दोन डोळे व्हते आन आवाज बी व्हता. तुजी परीक्षा कुनी घेतली न्हाई."

गडी खाली बघून हसले. धुळाजी हसला नाही. तो उकिडवा बसला, थोरल्या भावाच्या तोंडाकडं बघत. मग वहिनीकडं वळला, आणि त्याचा आवाज आता भांडणाचा राहिला नव्हता.

"मानलं, वैनी. खरंच मानलं. पर एक सांग. तुमच्यातलं एक उद्या गेलं तर? ऱ्हायलेलं काय करनार?"

शिवकन्येनं मान खाली घातली. तिला तिच्या ताटल्या आठवल्या असणार. जोडीतला एक काढून घेतला, की दुसरा कातडीत नुसता उभा असतो. हार्मोन येऊन जातो आणि आत कुणाला काही कळत नाही. दवाखान्यात वीस दिवस नवऱ्याच्या उशाशी बसून भामाबाईनं याच एका प्रश्नाशी झटापट केली होती, आणि तो तसाच उरला होता. मुंजाजीनं पहिल्यांदा तिच्या खांद्यावरचा हात काढायला घेतला. तिनं तो वर हात करून तिथंच दाबून धरला, सगळ्यांच्या देखत.

"त्या दिशी मेंढरं घिऊन जा," ती म्हणाली. "मागू बी नगं. ऱ्हायलेलं मानूस तुला अडवनार न्हाई, ही माजी जबान हाय. पर तू त्यो दिस आजच आनाया निगालतास. आमी जित्ते असताना तू आमाला एकेकटं करून बसवाया निगालतास, धुळाजी. त्यो दिस येईल तवा येईल. आज आमी दोगं हाव, आन म्होरं चालतोय. तू मागं हो."

धुळाजी उठला, पटका सारखा केला आणि मेंढरांच्या मागं जाऊन उभा राहिला.